बांधकामावरची लिफ्ट : भाडं ठरतं, फेऱ्या मोजल्या जातात, तपासणी मात्र कोणाच्याच वहीत नाही

बेळगाव, प्रतिनिधी

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. शहराच्या दक्षिण भागात एका चार मजली इमारतीचा शेवटचा स्लॅब पडत होता. सकाळी सात वाजता मिक्सर सुरू झाला, साडेदहाच्या सुमारास काँक्रीटने भरलेली बकेट तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली आणि तिथून सुटली. खाली खडी भरणाऱ्या बायका नेमक्या चहाला बाजूला गेल्या होत्या. बकेट रिकाम्या जागेत आदळली, एक पाटा वाकला, काँक्रीट सांडलं. अर्ध्या तासात दोर नव्याने बांधून काम परत चालू झालं आणि दुपारी तीनला स्लॅब पुरा झाला. नारळ फुटला, पेढे वाटले.

याची बातमी झाली नाही, कारण कोणी मेलं नाही. मी त्या मशीनवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काय ओ साहेब, एवढं काय त्यात? दोर जुना होता, तुटला. दुसरा लावला की." दोर किती जुना होता, हे त्याला सांगता आलं नाही. मालकाला माहीत नव्हतं, ठेकेदाराला माहीत नव्हतं, इंजिनिअर त्या वेळी दुसऱ्या साइटवर होते.

आज लिहायचं ते याच विषयावर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गोव्यातलं फोंडा-पर्वरी, तिकडे इंदूर-वडोदरा, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे इमारती उंच होत चालल्या आहेत. माल वर न्यायचं काम डोक्यावरच्या घमेल्याकडून विजेच्या लिफ्टकडे गेलं आहे. ते चांगलंच झालं. पण घमेलं पडलं तर एकाच्या पायावर पडतं. लिफ्ट पडली तर पाच-सात घरं बसतात.

मोठ्या दुर्घटना काय सांगतात?

आधी नोंद असलेल्या घटना पाहू. २४ जुलै २०२१ ला मुंबईत वरळीला बांधकाम सुरू असलेल्या इमारतीची लिफ्ट कोसळून पाच जण गेले. १४ सप्टेंबर २०२२ ला अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाजवळच्या इमारतीत सात कामगार गेले. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट खाली आली. छतावरचं वॉटरप्रूफिंग आटोपून उतरणारे सात कामगार त्यात गेले. त्यानंतर पाचच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, ग्रेटर नोएडात तसंच झालं. तिथे चौघे त्याच दिवशी गेले आणि नंतर आकडा वाढत गेला.

आपल्याकडेच असं होतं असंही नाही. चीनमधल्या वुहान शहरात १३ सप्टेंबर २०१२ ला अशीच लिफ्ट सुमारे शंभर मीटरवरून पडली आणि १९ जण गेले. खांबाच्या जोडणीतल्या बोल्टना नट नव्हते आणि पिंजऱ्यात ठरल्यापेक्षा जास्त माणसं होती, हे चौकशीत पुढे आलं. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ ११ डिसेंबर २०२३ ला पाच जण गेले, तिथेही खांबाच्या जोडणीत बोल्ट नसल्याचं आढळलं. कामगार सुरक्षेत जगात नाव असलेल्या देशात जर बोल्ट राहून जातो, तर आपण "आमच्याकडे काय होत नाही" असं म्हणण्यात अर्थ नाही.

या घटनांमध्ये एक सारखेपणा आहे. यंत्र एकाएकी बिघडलं असं क्वचित असतं. बिघाड आधीपासून असतो आणि तो कोणी पाहिलेला नसतो, किंवा पाहून "आजचा दिवस काढू" म्हटलेलं असतं.

आपल्याकडे तीन प्रकारची यंत्रं

आपण सगळ्याला लिफ्टच म्हणतो, पण तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिघांचा धोका वेगळा आहे.

पहिली, स्लॅबची लिफ्ट. मिक्सरला जोडलेला उभा सांगाडा, त्यात वरखाली करणारी बकेट, खाली दोर गुंडाळणारा ड्रम. काही डिझेलवर चालतात, काही आता मोटरवर. ऑपरेटरच्या हातात क्लच आणि ब्रेकचा लिव्हर. एका दिवसासाठी भाड्याने येते, सकाळी उभी राहते, संध्याकाळी दुसऱ्या गावाला जाते.

दुसरी, छोटी विजेची होइस्ट. तिला मंकी लिफ्ट किंवा मिनी क्रेन म्हणतात. वरच्या मजल्यावर लोखंडी स्टँड, पुढे बाहेर काढलेला हात, मागे वाळूच्या गोण्या किंवा सिमेंटचे ठोकळे. विटा, टाइल्स, वाळू या वर नेण्यासाठी महिनोन्महिने साइटवर राहते.

तिसरी, माणसं आणि माल दोन्ही नेणारी मोठी लिफ्ट. दातेरी पट्टी लावलेला खांब, त्यावर गिअर फिरवत चढणारा पिंजरा. ही उंच इमारतींवर दिसते, गोव्यात आणि मोठ्या शहरात जास्त. आता बेळगावातही यायला लागली आहे.

पहिल्या दोन फक्त मालासाठी आहेत. त्यात माणूस बसायचा नाही, एका मजल्यासाठीही नाही. तरी संध्याकाळी काम सुटल्यावर बकेटमध्ये उभं राहून खाली येणारी पोरं मी स्वतः पाहिली आहेत. मेस्त्री बघून हसतो. हे हसणं बंद झालं तरी बरेच जीव वाचतील.

लिफ्ट पडते म्हणजे नेमकं काय होतं?

मी कॉमर्सचा माणूस. यंत्रातलं कळायला मला दोन फिटर, एक वायरमन आणि वीस वर्षं ऑपरेटरकी केलेल्या एका काकांकडे बरेच दिवस बसावं लागलं. जे समजलं ते असं.

दोर : लोखंडी दोर एकदम तुटत नाही. एकेक तार तुटत जाते. बांधकामाच्या केंद्रीय नियमांत यासाठी सोपं माप दिलेलं आहे. दोराच्या जाडीच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाल्या, की तो दोर वापरायचा नाही. म्हणजे १२ मिलिमीटरचा दोर असेल तर साधारण १० सेंटिमीटरच्या तुकड्यात मोजायचं. सहा पिळांचा, प्रत्येक पिळात १९ तारांचा दोर असेल तर एकूण तारा ११४. त्यात १२ तुटलेल्या दिसल्या की दोर भंगारात. गंज चढला, दोर चपटा झाला, पीळ उलगडून पिंजरा झाला, तर मोजायचीही गरज नाही. तपासताना उघड्या हाताने दोर चाचपू नये, तार हातात घुसते. जाड कापड धरून मशीन बंद असताना पाहायचं. कापड जिथे अडकतं तिथे तार तुटलेली असते.

दोराचं टोक : दोर जितका महत्त्वाचा तितकंच त्याचं टोक. टोकाला वळवून क्लिपा लावतात. क्लिपेचा एक भाग खोबणीचा, दुसरा यू आकाराचा बोल्ट. खोबणीचा भाग वजन घेणाऱ्या दोराकडे आणि यू बोल्ट कापलेल्या टोकाकडे यायला हवा. उलटं लावलं तर यू बोल्ट वजन घेणाऱ्या दोरालाच चेपतो. काका म्हणाले, "दहा साइटवर जावा, चार ठिकाणी उलट्या दिसतील." क्लिपा कमीत कमी तीन हव्यात आणि पहिल्यांदा वजन आल्यावर नट परत आवळायला हवेत, कारण ताणाने दोर बारीक होतो. बकेट किंवा हुक सगळ्यात खाली असताना ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहिलेच पाहिजेत. हुकाला पट्टीचं कुलूप हवं, नाहीतर सैल पडलेली दोरी हुकातून निसटते.

ब्रेक : विजेच्या होइस्टचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो. म्हणजे वीज गेली की ब्रेक आपोआप लागायला हवा. ही रचना चांगली आहे, पण ब्रेकचं अस्तर झिजलं, त्यात तेल किंवा सिमेंटचा गाळ गेला, तर ब्रेक लागूनही ओझं हळूहळू घसरतं. घसरण हाच इशारा. भरलेलं ओझं जमिनीपासून हातभर उचलून बटण सोडायचं आणि मिनिटभर पाहायचं. बोटभर जरी खाली आलं तरी काम थांबवायचं. स्लॅबच्या लिफ्टला पट्ट्याचा ब्रेक असतो, तो पावसात भिजला की पकडत नाही. आपल्या बेळगावच्या पावसात प्लास्टिकचं झाकण टाकून स्लॅब उरकणारे बरेच. काँक्रीट झाकतात, ब्रेक मात्र भिजत राहतो.

लिमिट स्विच : हुक वरच्या पुलीला जाऊन धडकण्याआधी मोटर बंद करणारा छोटा स्विच. तो अडकला की ऑपरेटर वायर जोडून टाकतो आणि डोळ्याने अंदाज घेत चालवतो. दुपारच्या जेवणानंतर तो अंदाज चुकतो. हुक पुलीत अडकला आणि मोटर फिरत राहिली तर नवा दोरसुद्धा तुटतो.

मागचं वजन : छोट्या होइस्टचा हा सगळ्यात मोठा धोका. साधा हिशोब करू. पुढचा हात एक मीटर बाहेर आहे, त्यावर ३०० किलो ओझं आहे, मागे दोन मीटरवर गोण्या आहेत. नुसता तोल राहायला मागे १५० किलो लागतात. पण नुसता तोल म्हणजे सुरक्षा नव्हे. ओझं झटक्याने उचललं, गॅलरीच्या कडेला अडकलं, की भार एकदम वाढतो. म्हणून उत्पादकाच्या तक्त्यात सांगितलेलं वजन यापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि तेवढंच ठेवावं लागतं. वाळूच्या गोण्या फाटतात, वाळू गळते. गिलाव्याला वाळू कमी पडली की बिगारी त्याच गोणीत हात घालतो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की ही वाळू कामाची नसून जीव धरून ठेवणारी आहे. त्यापेक्षा वजन कोरलेले सिमेंटचे ठोकळे वापरावेत आणि ते स्टँडला बोल्टने बांधावेत.

वीज : न दिसणारी बाजू

लिफ्ट पडल्याची बातमी होते, पण लिफ्टची खरी दुखणी बऱ्याचदा विजेत असतात.

साइटवर तात्पुरतं कनेक्शन एका कोपऱ्यात, लिफ्ट दुसऱ्या कोपऱ्यात. मध्ये बारीक, दोन-तीन ठिकाणी जोड दिलेली केबल. लांब आणि बारीक केबलमध्ये दाब पडतो. मोटरची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४१५ व्होल्टच्या जागी ३३२ व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब वीस टक्के पडला, तर ताकद सुमारे ६४ टक्केच उरते. मोटर घुमते, तापते, ओव्हरलोड रिले वारंवार ट्रिप होतो. मग कोणीतरी रिलेचं सेटिंग वाढवतो किंवा तो काढूनच टाकतो. दाब कमी असला की ब्रेकही पूर्ण सुटत नाही, घासत चालतो आणि अस्तर जळून जातं. एका आठवड्याने तोच ब्रेक ओझं धरत नाही, तेव्हा दोष ऑपरेटरवर येतो.

दुसरी गोष्ट फेजची अदलाबदल. लाइनवर दुरुस्ती झाली किंवा वीज जाऊन जनरेटर जोडला आणि दोन फेज उलटे लागले, की तीन फेजची मोटर उलटी फिरते. वरचं बटण दाबलं की हुक खाली जातो. ऑपरेटर म्हणतो, "मग खालचं दाबतो." इथेच घात आहे. वरचा लिमिट स्विच वरच्या बटणाची लाइन तोडतो. आता वर नेणारी लाइन दुसरीच झाली आहे, त्यामुळे लिमिट स्विच दाबला गेला तरी मोटर थांबत नाही. म्हणून पॅनेलमध्ये फेजचा क्रम तपासणारा रिले हवा. तो नसेल तर वीज गेल्या-आल्यानंतर पहिली फेरी रिकामीच मारायची आणि दिशा उलटी दिसली की वायरमन येईपर्यंत हात लावायचा नाही.

तिसरी, अर्थिंग. ओल्या जमिनीवर उभं राहून लोखंडी लिव्हर धरणाऱ्या माणसाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा स्विच हीच ढाल. आपल्याकडे त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. त्यावर चाचणीचं बटण असतं. ते दाबल्यावर स्विच पडायला हवा. किती जणांनी ते बटण दाबून पाहिलंय?

माणसं नेणाऱ्या मोठ्या लिफ्टबद्दल

इथे सगळं लक्ष तीन जागांवर. एक, खांबाचे तुकडे जोडणारे बोल्ट आणि खांबाला इमारतीशी धरणारे आधार. इमारत वाढली की खांब वाढवतात. वाढवणारी टोळी निघून गेल्यावर प्रत्येक जोड दुसऱ्या माणसाने तपासून सही करायला हवी. बांधणाऱ्यानेच तपासलं तर ते तपासणं नव्हे. वुहान आणि स्टॉकहोमचा धडा हाच आहे.

दोन, अतिवेग रोखणारं सुरक्षा यंत्र. पिंजरा ठरल्यापेक्षा वेगाने खाली आला की हे यंत्र दातेरी पट्टीला धरून त्याला थांबवतं. पण ते वर्षभर नुसतं बसून असतं. काम पडेल तेव्हा चालेल याची खात्री फक्त चाचणीने होते. बहुतेक उत्पादक दर तीन महिन्यांनी पाडून पाहायची चाचणी सांगतात. ती पिंजऱ्यात कोणी नसताना, बाहेरून लांब वायरच्या बटणाने करायची असते. तुमच्या साइटवर शेवटची चाचणी कधी झाली, हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळतं.

तीन, दरवाजे. पिंजऱ्याचा आणि प्रत्येक मजल्यावरचा दरवाजा उघडा असेल तर लिफ्ट हलता कामा नये. दरवाज्याचा स्विच तारेने बांधून ठेवणं म्हणजे लिफ्टला शाफ्टचा खड्डा बनवणं.

दहा मिनिटांची किंमत

बी.कॉम. झाल्यावर मी दोन वर्षं एका ठेकेदाराच्या वह्या लिहिल्या. सिमेंट, लोखंड, वाळू, सेंट्रिंगचं भाडं, मशीनचं भाडं, डिझेल, चहापाणी, स्लॅबची बक्षिसी, सगळ्याला खातं होतं. यंत्र तपासणीला खातं नव्हतं. आजही बहुतेकांच्या वहीत नाही. ज्या खर्चाला खातं नाही तो खर्च होत नाही, हे मी तिथे शिकलो.

अडचण भाड्याच्या व्यवहारातच आहे. मशीनवाल्याला दिवसाचं भाडं मिळतं. आज बेळगाव, उद्या हुक्केरी, परवा गडहिंग्लज. मशीन उभं राहिलं तर त्याचं भाडं बुडतं, म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. ठेकेदार म्हणतो, मशीन त्याचं, तपासणी त्याची. मशीनवाला म्हणतो, माझा ऑपरेटर तुमच्या हाताखाली, जबाबदारी तुमची. घरमालकाला वाटतं, मी चौरस फुटाचा दर दिला, बाकी माझा काय संबंध? तिघांच्या मधल्या जागेत दोर झिजत राहतो.

यावर उपाय कागदी वाटेल, पण तोच चालतो. भाड्याच्या पावतीवर चार ओळी वाढवायच्या : दोर कधी बदलला, शेवटची तपासणी कोणी आणि कधी केली, किती किलोपर्यंत चालेल, ऑपरेटरचं नाव. सकाळी काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं दोर, क्लिपा, हुक, मागचं वजन, ब्रेकची घसरण, लिमिट स्विच, ईएलसीबीचं बटण पाहायचं आणि रिकामी फेरी मारायची. एका वहीत तारीख टाकून सही करायची. खाली, ओझ्याच्या रेषेत दोरी बांधून जागा अडवायची, म्हणजे चहाच्या वेळेवर कोणाचा जीव अवलंबून राहणार नाही. तपासणी आणि दुरुस्ती करताना मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं आणि चावी दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात ठेवायची.

कायदा आहे, पण तो सीमेवर अडखळतो

बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा केंद्रीय कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा या राज्यांनी आपापले नियम केले. केंद्रीय नियमांनुसार उचल यंत्र पहिल्यांदा वापरात आणण्याआधी आणि नंतर पाच वर्षांतून एकदा चाचणी, आणि दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून बारकाईने तपासणी लागते. ऑपरेटर अठरा वर्षांच्या वरचा आणि प्रशिक्षित हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यात सामावला गेला.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १९९६ चा कायदा मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा कामगार असले तरी लागू होत असे. म्हणजे एरवी पाच-सहा माणसांवर चालणारी साइट स्लॅबच्या दिवशी वीस-पंचवीसची टोळी आली की कायद्याखाली यायची. नेमका तोच दिवस लिफ्टचा. "आमचं छोटं काम आहे" हे उत्तर म्हणून टिकत नाही. दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. स्वतःच्या राहण्याच्या घरासाठी जुन्या कायद्यात दहा लाखांपर्यंतच्या खर्चाला सूट होती, नव्या संहितेत ती मर्यादा पन्नास लाखांपर्यंत गेली आहे. आपल्या गावांत दोन-तीन मजली घरं याच मर्यादेत बसतात. म्हणजे मंकी लिफ्ट सर्वात जास्त जिथे वापरतात, तीच कामं कायद्याच्या नजरेबाहेर जाण्याची शक्यता वाढली आहे.

इमारतीतल्या कायम लिफ्टसाठी राज्यांचे वेगळे कायदे आहेत. कर्नाटकाचा २०१२ चा, गोव्याचा २०१३ चा, महाराष्ट्राचा २०१७ चा. नोएडाच्या घटनेनंतर उत्तर प्रदेशानेही २०२४ मध्ये कायदा केला. पण हे कायदे मुख्यतः रहिवाशांच्या लिफ्टचा विचार करतात. इमारत उभी करणारी लिफ्ट इमारत पुरी झाली की निघून जाते आणि तिच्यासोबत तिची नोंदही.

आपल्या भागाची खरी अडचण माणसांची आहे. चंदगडचा मुलगा बेळगावात गिलावा करतो. खानापूरचा गवंडी गोव्यात सहा महिने असतो. बिहार, झारखंडची मुलं तिन्हीकडे फिरतात. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी मात्र राज्याची. इमारतीच्या खर्चावर एक टक्का उपकर जातो, तो त्या राज्याच्या मंडळात जमा होतो. चंदगडच्या मुलाच्या घामातून आलेला उपकर बंगळूरला जातो आणि त्याचं कार्ड असलंच तर महाराष्ट्राचं असतं. सीमाप्रश्नावर आपण सत्तर वर्षं बोलतो. बोललंच पाहिजे. पण त्याच सीमेवरून रोज सकाळच्या एसटीने येणाऱ्या माणसाच्या कार्डाबद्दल आपण एक निवेदन दिलेलं मला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र सीमेवर अडत नाही, आणि ती बऱ्याच घरांना माहीत नसते. कामावर मृत्यू झाल्यास भरपाईचा दावा अपघात जिथे झाला तिथेच करावा लागतो असं नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही दावा करायची मुभा दिली आहे, आणि ठेकेदाराच्या कामगारासाठी मुख्य मालकही जबाबदार धरला आहे. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असला तरी हिशोबाची रीत तीच आहे : महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. २०२० पासून हिशोबासाठी पगार १५ हजारांपर्यंत धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५ लाख ५९ हजार ८५० रुपये.

हा आकडा मी दोघांसाठी लिहिला आहे. ज्यांच्या घरातला माणूस गेला आणि ज्यांच्या हातावर गावाकडे जाताना पन्नास हजार ठेवून अंगठा घेतला गेला, त्यांच्यासाठी. आणि त्या मालकासाठी, ज्याला काही हजारांचा दोर महाग वाटतो. त्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, पाच वर्षांपर्यंतची शिक्षा, हे वेगळंच.

आता काय करता येईल?

सरकारची वाट न पाहता होण्यासारखी कामं आहेत. महापालिका बांधकाम परवाना देताना उपकराची पावती मागते, त्याच वेळी उचल यंत्राच्या तपासणीचा कागद मागू शकते. मिक्सर आणि लिफ्टच्या मालकांनी ठरवलं तर दोर बदलल्याच्या तारखेचा पत्र्याचा बिल्ला प्रत्येक मशीनवर लावता येईल. इंजिनिअर मंडळींनी निदान स्लॅबच्या दिवशी सकाळी सातला साइटवर हजर राहावं. आणि घर बांधणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, स्लॅबच्या मुहूर्ताला नारळ आणायच्या आधी एकदा त्या मशीनकडे जाऊन दोर बघावा. समजत नसलं तरी बघावा. मालक बघतोय म्हटल्यावर ऑपरेटरही बघतो.

हा लेख लिहिण्याआधी मी त्या मशीनवाल्याला परत भेटलो. मशीन दुसऱ्या वाड्यात स्लॅबसाठी उभं होतं. दोर नवा दिसत होता. मी क्लिपा मोजल्या, दोनच होत्या, आणि एक उलटी. त्याला दाखवलं. तो क्षणभर बघत राहिला, मग पाना मागवला. "साहेब, इतकी वर्षं मला कोणी सांगितलंच नाही की ओ," म्हणाला.

त्या दिवशी मशीन पंधरा मिनिटं उशिरा सुरू झालं. खडी भरणाऱ्या बायका त्याच जागी, बकेटच्या खाली, बसून वाट पाहत होत्या. त्यांना उठवून पलीकडे बसवायला आणखी दोन मिनिटं लागली.